आधी काय, मग काय

एक, मग अ, मग दोन, मग आ, मग तीन. एवढंच करायचं होतं. कागदावर लहान लहान गोल काढलेले होते, काहींत आकडे, काहींत अक्षरं, आणि पेन न उचलता आकड्यावरून अक्षरावर, अक्षरावरून पुढच्या आकड्यावर रेघ नेत जायची होती. डॉक्टरबाई दर मंगळवारी मुंबईहून पेणला येत. वयाने लहान होत्या, दिनानाथच्या धाकट्या मुलीहूनही लहान. त्यांनी वरच्या कोपऱ्यात एक उदाहरण करून दाखवलं आणि म्हणाल्या, "घाई नाही, काका." दिनानाथने एकवरून अ-वर रेघ नेली, अ-वरून दोनवर, आणि दोनवरून सरळ तीनवर. "पुन्हा बघा," डॉक्टरबाई म्हणाल्या. तो दोनवर परत आला. आता अक्षर घ्यायचं हे त्याला कळत होतं. तो मनात म्हणतही होता, आता अक्षर, आता अक्षर, आणि त्याच वेळी हात तीनवर जाऊन पोचला होता. तीनवरून चारवर. रस्ता उताराचा असावा आणि पायांनी आपलं ऐकू नये तसं ते झालं. पाचाच्या गोलाशी डॉक्टरबाईंनी कागदावर अलगद हात ठेवला. "राहू दे, काका."

त्याला लागलं ते हे 'राहू दे'. रोह्याच्या रसायनांच्या कंपनीत चौतीस वर्षं हा शब्द त्याने दुसऱ्यांना ऐकवला होता. नवा हेल्पर पॅनलपुढे उभा राहून बटणांची ओळ चुकला की दिनानाथ त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचा, राहू दे, उद्या परत कर. शिफ्ट इन्चार्ज म्हणून त्याची ख्याती याच गोष्टीसाठी होती. नऊ पायऱ्यांचं काम तो झोपेतून उठवलं तरी क्रमाने सांगू शकत असे. आणि आज बायकोसमोर, तिच्या मांडीवरच्या प्लास्टिकच्या पिशवीसमोर, त्याला पहिल्या इयत्तेतल्या मुलाची अक्षरं जोडता आली नव्हती. खरं म्हणजे विमल त्याच्याकडे बघतही नव्हती. ती भिंतीवरचा मेंदूचा तक्ता बघत होती, आणि तो तक्ता तिला कळत नव्हता हे तिच्या ओठांवरून दिसत होतं.

डॉक्टरबाईंनी मग कपाळाला बोट लावून सांगितलं. कपाळाच्या मागे मेंदूचा जो पुढचा भाग असतो, तो कामांची ओळ लावतो. आधी काय, मग काय, एक काम सोडून दुसऱ्यावर कधी जायचं, हे तो ठरवतो. वय झालं की तो भाग थोडा आक्रसतो, सगळ्यांचाच आक्रसतो, यांचा वयाच्या मानाने जरा जास्त. "आठवण चांगली आहे हो. मघाशी सांगितलेले पाचही शब्द त्यांनी परत सांगितले. जुनं तर तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त आठवेल. अडचण ओळ लावण्यात आहे. आणि आवरण्यात. मनात येतं ते सगळंच आपण बोलत नाही ना? आतून कुणीतरी दाबून धरत असतो. तो दमायला लागतो."

"हैबतरावांच्या वास्तुशांतीला हेच झालं," विमल एकदम म्हणाली. शेजारच्या हैबतरावांनी रोह्यालगतच्या वरसे गावात दोन मजली घर बांधलं. पन्नास पानं जेवायला बसली होती आणि दिनानाथ भरपंगतीत म्हणाला होता, "हैबतराव, हे घर मुलानं स्वतःसाठी बांधलंय. तुम्हाला तो मागच्या खोलीत टाकणार, बघा." ते खरं होतं. सगळ्या आळीला ठाऊक होतं. पण ते बोलायचं नसतं हेही सगळ्यांना ठाऊक होतं, आणि दिनानाथला ते शब्द बाहेर पडून ताटांवर सांडल्यावर कळलं. हैबतरावांनी वाटीतली खीर तशीच ठेवली होती. त्याआधी नळाची गोष्ट झाली होती. स्वयंपाकघरातला नळ त्याने स्वतःच दुरुस्तीला उघडला आणि हातात वायसर घेऊन तासभर तिथे उभा राहिला, पुढे काय करायचं ते सुचेना म्हणून. विमल हे सगळं डॉक्टरबाईंना सांगत होती आणि तो ऐकत होता. तक्रार एखाद्या तिऱ्हाइताची चालली आहे असं त्याला वाटत होतं, आणि तो तिऱ्हाईत कोण तेही त्याला हळूहळू कळू लागलं होतं. कंपनीतल्या मोतीरामबद्दल असंच बोललं जायचं.

पेण स्टेशनवर रोह्याची गाडी उभीच होती. डब्यात भरपूर जागा होती. विमल खिडकीशी बसली, फाईल पिशवीत घातली, पिशवी पायांत घेतली. गाडी सुटली तसे कापणी झालेले भाताचे चौकोन मागे सरकू लागले आणि मधूनमधून वालाचे हिरवे-पिवळे पट्टे. मोतीराम कामाला याच लाईनच्या गाडीने यायचा. कासूला चढायचा, रोह्याला उतरायचा, आणि पहिल्या शिफ्टला कधी पाच मिनिटं उशीर नाही. आंबा नदीकडच्या आदिवासी वाडीतला तो पहिला माणूस, ज्याला कंपनीने कायम केला. बापाने आयुष्यभर दुसऱ्याच्या कोळशाच्या भट्ट्या लावल्या. मुलगा हेल्पर म्हणून आला आणि दहा वर्षांत ऑपरेटर झाला. त्याला लिहिता-वाचता जेमतेम यायचं. पॅनलवरच्या इंग्रजी पाट्या तो वाचत नसे, पायऱ्या बोटांच्या पेरांवर मोजायचा. अंगठ्याच्या पेरावर गार पाणी. पहिल्या बोटावर ढवळणी. मग वाफेची वाट उघडी आहे ना ते बघणं. ॲसिड पाचव्या पेरावर, आणि तेही थेंबाथेंबाने. दिनानाथ इंजिनीअर लोकांना मोतीरामकडे बघायला पाठवायचा. दरवर्षी मिरगाच्या सुमाराला मोतीराम पानांत बांधून शेवळं ही रानभाजी आणायचा, स्वतः घरी येऊन विमलच्या हातात द्यायचा, आणि चहा प्यायला खुर्चीवर न बसता पायरीवर बसायचा. दारूला तो शिवत नसे. वाडीत लग्न असलं तरी नाही. त्याचा धाकटा भाऊ दारूने गेला होता, आणि त्याच्या चितेपुढे त्याने दारू सोडली होती. ही गोष्ट त्याने दिनानाथला एकदा डबा खाताना सांगितली होती, भाकरीचा तुकडा मोडता मोडता, फार महत्त्वाची नसावी तशी.

चौऱ्याण्णव साल. मोतीराम तेव्हा चोपन्न वर्षांचा होता. दिवाळीनंतरच्या एका दुपारी शिफ्ट सुटल्यावर तो दिनानाथच्या केबिनपाशी आला आणि दाराबाहेर थांबला. टोपी हातात होती. पेरांवर मोजतो ते मधेच सुटतं, असं त्याने सांगितलं होतं. तिसऱ्या पेरावरून पाचव्यावर जातो, मधलं पेर दिसतं पण मोजलं जात नाही. आपल्याला पॅनलवरून काढा, पिंपं धुवायला टाका, गेटवर बसवा, काहीही द्या. दिनानाथने त्याला हसण्यावारी नेलं. झोप कमी होत असेल, म्हणाला. महिन्याभराने मोतीराम परत आला, या वेळी दाराच्या आत, आणि तेच बोलला. दिनानाथच्या हाताशी तेव्हा दोन ऑपरेटर कमी होते. मार्चपर्यंत माल पुरा करायचा होता. मार्च होऊ दे, मग बघू, असं तो म्हणाला, आणि मोतीराम 'बरं' म्हणून गेला. तो 'बरं' त्याने कसा म्हटला हे दिनानाथला आज गाडीत बसल्या बसल्या कानांत ऐकू येत होतं. तक्रार नव्हती त्यात. साहेबाने जबाबदारी घेतली, आता आपण मोकळे, असा तो 'बरं' होता.

फेब्रुवारीत पहिल्या शिफ्टला सकाळी साडेनऊला मोतीरामने गार पाणी न उघडता ॲसिड सोडलं. माल तापला, उकळला, झाकणाच्या फटीतून बाहेर आला, आणि खाली उभ्या असलेल्या काळुराम नावाच्या हेल्परचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. काळुराम वाचला, पण त्याच्या बोटांची मूठ पुढे कधी पुरती मिटली नाही. दुसऱ्या दिवशी चौकशी बसली. टेबलापलीकडे तीन साहेब, टेबलाच्या टोकाला दिनानाथ, समोर मोतीराम. पाणी का उघडलं नाही, असं एका साहेबाने विचारलं. मोतीराम बोटांकडे बघत राहिला. तिसऱ्यांदा विचारल्यावर म्हणाला, "साहेबांना माहीत हाय. साहेबांना इचारा." आणि त्याने दिनानाथकडे बघितलं. त्या बघण्यात आरोप असता तर बरं झालं असतं. माणूस घराच्या दाराकडे बघतो तसा तो बघत होता. मग मोतीरामला बाहेर पाठवून मोठ्या साहेबांनी दिनानाथला विचारलं, "प्यायला होता का? हे लोक पितात." प्रश्न असा आयता समोर आला होता की उत्तर त्यातच घालून दिलेलं होतं. माहीत होतं असं म्हणावं तर मग पॅनलवर का ठेवलात हा पुढचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर एकाच माणसाच्या नावावर जाणार होतं. दिनानाथने अहवालात एक ओळ लिहिली. तोंडाला वास येत होता. पाच शब्दही नव्हते ते. लिहिताना पेन अडलं नव्हतं, हेही त्याला आठवत होतं.

मोतीरामला काढलं. आपण त्याच्या पोटावर पाय दिला हे दिनानाथ स्वतःला त्या वर्षी पुष्कळदा सांगत असे, पण ते वेगळ्या तऱ्हेने, म्हणजे नाहीतरी तो दोन-तीन वर्षांत निघणारच होता, त्याच्याच्याने काम होत नव्हतं, आणखी कुणी मेलं असतं, अशी वाक्यं पुढे जोडून. हळूहळू ती वाक्यंही लागेनाशी झाली. गोष्ट खाली बसली. पंचवीस वर्षं ती बसून होती. आणि गेल्या वर्षापासून ती वर येऊ लागली होती, दाढी करताना, देवळात, पंगतीत, कुठेही. जिभेच्या टोकापर्यंत येई आणि तो ती मागे ढकले, दर वेळी थोडी कमी ताकद लावून. आज डॉक्टरबाईंनी त्याचा अर्थ सांगितला होता. दाबून धरणारा दमला होता. म्हणजे याला पश्चात्ताप म्हणायचं की नुसता झिजलेला वायसर? पंचवीस वर्षं धडधाकट मेंदूने जे गिळलं ते आता मेंदू ढिला पडल्यावर बाहेर यायला बघत असेल तर त्यात आपली म्हणून काय भलाई उरली, हे त्याला कळेना. विमलला विचारावं असं वाटलं. पण तिला हे विचारायचं तर आधी बाकीचं सगळं सांगायला हवं होतं, आणि ते क्रमाने सांगता येईल असा आता त्याला भरवसा नव्हता.

गाडी कासूला थांबली आणि तो उतरला. उतरायचं असं त्याने ठरवलं नव्हतं. तो फलाटावर उभा होता आणि मागून विमलचा आवाज येत होता, "अहो, कुठं? अहो, हे कासू आहे." मग पिशवी छातीशी धरून तीही उतरली आणि गाडी हलली. पुढची गाडी थेट संध्याकाळी होती. विमल हताश होऊन म्हणाली, "कुणाकडे जायचंय?"

"मोतीरामकडे."

"तो शेवळंवाला? तो आहे अजून?"

"नाही. तो गेला. बायको आहे." हे त्याला ठाऊक होतं. दोन हजार तीन साली कुणीतरी बाजारात सांगितलं होतं, आणि तो बातमी ऐकून भेंडी निवडत राहिला होता.

वाडीपर्यंत पाऊण तास चालावं लागलं. एकदा, अठ्ठ्याऐंशी साली, तो इथे आला होता, मोतीरामने ऑपरेटर झाल्यावर घराला विटांच्या भिंती घातल्या तेव्हा. वाटेत तो मनाशी रचना करत होता. आधी खुशाली विचारायची. मग ओळख सांगायची. मग मोतीराम कामाला कसा होता ते. मग दिवाळीनंतर तो केबिनवर आला ते. शेवटी ती ओळ. पाच गोष्टी, एका हाताच्या बोटांइतक्या. बांध ओलांडताना पाय घसरला, विमलने दंड धरला, आणि वर आल्यावर त्याला परत पहिल्यापासून मोजावं लागलं.

घर तेच होतं. अंगणात एक म्हातारी वाळलेल्या वालाच्या शेंगा काठीने झोडत होती आणि चाळिशीची एक बाई टरफलं बाजूला करत होती. ही मोतीरामची बायको जानी आणि ही मुलगी आवडी. मोतीरामला काढलं त्या वर्षी ती दहावीला होती. पुढे तिने शाळा सोडली असं ऐकलं होतं. आता ती वाडीच्या अंगणवाडीत मदतनीस होती, हे तिने नंतर सांगितलं. माणसं आलेली बघून म्हातारीने काठी खाली ठेवली. "कोन पायजे, बाबा?"

"मी दिनानाथ. रोह्याच्या कंपनीतला," तो म्हणाला, आणि पुढचं वाक्य त्याच्या तोंडून असं आलं, "मोतीराम प्यायलेला नव्हता."

त्याला कळलं की शेवटचं पहिलं आलं. मग ते नीट करायला तो घाईने बोलू लागला. काळुरामच्या हातांचं बोलला, मार्चपर्यंत माल द्यायचा होता ते बोलला, पेरांवर मोजण्याचं, शेवळांचं, मग परत हातांचं. प्रत्येक गोष्ट खरी होती आणि कुठलीच दुसरीला लागून नव्हती. जानी कधी त्याच्या तोंडाकडे, कधी विमलकडे बघत होती. विमलने घाबरून पिशवीतली फाईल काढली. "बाई, तुम्ही मनावर घेऊ नका. आम्ही डॉक्टरकडून येतोय. यांच्या डोक्याचं जरा, हे बघा, लिहून दिलंय. कुठंही उतरतात, काहीही बोलतात."

आवडीने फाईलला हात लावला नाही. "ठेवा ते," ती म्हणाली. "मला सवय हाय. माझा बाप असाच बोलायचा." ती टरफलांतून उठून आली आणि दिनानाथच्या समोर उकिडवी बसली. तो ओट्याच्या कडेला टेकला होता. लहान मुलाला विचारावं तसं तिने विचारलं, "साहेब, आधी काय झालं?"

"मोतीराम माझ्याकडं आला."

"कशाला आला?"

"पॅनलवरून काढा म्हणाला. मोजता येत नाही म्हणाला."

"मग?"

"मी नाही काढला."

"मग?"

असं तिने एकेक पायरी त्याच्याकडून काढून घेतली, मधे न रागावता, न थांबता. चौकशीपर्यंत आल्यावर त्याला पुढे जाववेना. ती वाट बघत बसली. विमल आता उभी होती आणि तिने पदर तोंडाशी धरला होता. ती हे पहिल्यांदाच ऐकत होती. शेवटी त्याने ती ओळ सांगितली, जशी लिहिली तशी.

म्हातारी काठीला हात न लावता बसली होती. तिने विचारलं. "वास येत व्हता का?"

"नव्हता येत."

"तुला म्हाईत व्हता, त्याचा डोका चालत नाय ते?"

"माहीत होतं."

दिनानाथला वाटलं होतं, ती रडेल किंवा शिव्या देईल. दोन्हींसाठी तो तयार होता, किंबहुना दोन्हींपैकी एक मिळावं म्हणूनच आला होता. पण जानी दुसऱ्याच कुणाशी बोलावं तशी खाली बघून बोलू लागली. "रोज सांजचा मी त्याचं तोंड हुंगायची. वास नाय यायचा. मी म्हनायची, चलाख हाय, पाला चावून येतो. रिकामा टोप चुलीवर ठेवायचा, लाल व्हईस्तोवर बघत ऱ्हायचा, तांदूळ हातात. मी म्हनायची, पिऊन आलाय. सदऱ्यावर सदरा घालायचा. पिऊन आलाय. आठ वर्सं मी त्याला आत जेवू घातला नाय, इथं वाढायची, तू बसलायस तिथं. ही पोर सांगायची, आये, बाबा पीत नाय. तो बी सांगायचा. देवाची आन घ्यायचा. मी म्हनायची, एवढा शिकलेला साहेब, तो कशाला खोटं लिवंल? कंपनीचा कागुद हाय." ती थांबली. वालाच्या एका शेंगेतून दाणे तिने नखाने काढले आणि तळहातावर ठेवले. "मेला तवा मी सगल्यांसमोर बोलले, सुटले बाई. त्यो खाली ठेवलेला आन मी बोलले."

आवडीने आईच्या पाठीवर हात ठेवला. जानीने तो झटकला नाही, पण तिला तो कळलाही नसावा. तिने मान वर केली. "हे तू मला आज कशाला सांगितलंस?"

दिनानाथने कधी या बाजूने विचारच केला नव्हता. मोतीरामचं नाव धुऊन निघेल, घरच्यांना बरं वाटेल, असंच तो धरून आला होता. आपण आणलेली वस्तू त्यांच्या पदरात घातल्यावर तिचं ओझं त्यांना होईल हे तपासून बघणारा जो कुणी आत बसलेला असतो, तो आज हजर नव्हता. की तो असता तरी आपण आलो असतो? असता तर आलोच नसतो, हे त्याला माहीत होतं, आणि हे तर सगळ्यात वाईट होतं. जानी उठली. तिने काठी घेतली आणि शेंगा झोडायला लागली, पहिल्यापेक्षा जोरात नाही, हळूही नाही. बोलताना तिने त्याला अरेतुरे केलं होतं, आणि आता ती तो तिथे नसल्यासारखी काम करत होती. विमलने त्याच्या कोपराला धरून उठवलं.

परतीच्या वाटेवर विमल चार पावलं पुढे चालत होती. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात ती रस्त्याने अशी पुढे चालल्याचं त्याला आठवत नव्हतं. स्टेशन दिसायला लागलं तेव्हा मागे न बघता ती म्हणाली, "तो शेवळं द्यायला येईनासा झाला तेव्हा मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही काय सांगितलंत आठवतं का?"

"गाव सोडून गेला म्हणून सांगितलं."

"आठवतंय म्हणजे," ती म्हणाली, आणि पुढे जाऊन बाकावर बसली.

ऊन कलायला लागलं तेव्हा आवडी फलाटावर आली. चालून चालून तिला धाप लागली होती. अंगणवाडीच्या रजिस्टरमधलं एक कोरं पान आणि पेन तिने बरोबर आणलं होतं. दिनानाथशेजारी न बसता ती समोर उभी राहिली. "लिहून द्या," ती म्हणाली.

विमल म्हणाली, "पोरी, याला आता कोण विचारणार? आणि यांचा तो डॉक्टरचा कागद. उद्या कुणी म्हणेल, म्हातारा भ्रमिष्ट आहे."

"मला कुठं दाखवायचा नाय," आवडी म्हणाली. "आयेनं पयला कागुद मानला. आता ती माझं ऐकत नाय, म्हनते म्हातारा येडा हाय, काय बी बोलला. तिला तसंच वाटून घ्यायचंय. मला नाय चालनार."

दिनानाथने पान मांडीवर घेतलं. वर तारीख घातली. मग सन पंच्याण्णव लिहिलं, ते खोडलं, कारण त्याआधी दिवाळी होती. दिवाळी लिहिली, तर तिच्याआधी मोतीरामची पेरं यायला हवी होती. बाण काढला. बाणाच्या टोकाशी काळुरामचं नाव आलं आणि ते तिथलं नव्हतं. अर्धं पान अशा खाडाखोडीत गेलं. आवडी बघत होती, पण या वेळी तिने 'मग' म्हणून हात पुढे केला नाही. त्याने ते सगळं सोडून दिलं आणि खाली, जिथे जागा होती तिथे, लिहिलं. मोतीराम दारू पीत नव्हता. मी खोटं लिहिलं. खाली सही केली आणि पान तिला दिलं.

तिने ते उभ्या उभ्या वाचलं. परत वाचलं. मग पान त्याच्या मांडीवर ठेवलं. "का लिहिलं, ते नाय यात."

लांब नागोठण्याच्या बाजूला कुठेतरी मालगाडी शिट्टी देत होती. दिनानाथ पानाकडे बघत राहिला. ऑपरेटर कमी होते, ही एक गोष्ट मनात आली. मार्चचा माल, ही दुसरी. साहेबांनी तसं विचारलं, ही तिसरी. तिन्ही जिभेपाशी आल्या, तिन्ही खऱ्या होत्या, आणि हात कागदावर न्यायची त्याला घाई झाली, दोनवरून तीनवर जाताना झाली होती तशीच. त्याने पेन उचलून धरलं. हे धरणं अवघड होतं. कपाळाच्या मागे काहीतरी ताणल्यासारखं होऊन घाम आला. पहिली नाही. दुसरी नाही. तिसरी तर नाहीच. तो शोधत होता ते त्यांच्या मागे होतं, त्या टेबलाच्या टोकाला, जिथे मोतीराम बाहेर गेल्यावर दार मिटलं आणि त्याचे स्वतःचे गुडघे टेबलाखाली थरथरत होते, आणि कुणाला दिसू नयेत म्हणून त्याने ते हातांनी दाबून धरले होते.

पेणकडून गाडीचा आवाज आला. फलाटावरची दोन-तीन माणसं पुढे सरकली. विमल उठली, तिने पिशवी उचलली आणि त्याच्याकडे बघितलं. त्याने 'मी' एवढं लिहिलं होतं आणि पुढच्या अक्षरावर पेन टेकवून तो बसला होता, मान खाली, ओठ हलत असलेले. आवडी त्याच्या उन्हात येऊ नये म्हणून जरा बाजूला उभी होती. गाडी थांबली. दारं उघडी होती. विमलने एक पाऊल टाकलं, मग थांबली. तिने नवऱ्याच्या हाताकडे बघितलं, तो कागदावरून निघत नव्हता. गाडीने शिट्टी दिली, हलली, आणि डबे एकामागून एक तिच्यासमोरून निघून गेले. विमलने पिशवी परत बाकावर ठेवली आणि त्याच्या शेजारी बसली.